ट्रॉम्बे ते वृक्षरेषा, मार्गे सांदण

ट्रॉम्ब्याच्या माणसाला डोंगराचं एवढं वेड का, हे ट्रॉम्ब्याचा नकाशा पाहिला की कळतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला माहुलच्या रिफायनऱ्या आणि वीजकेंद्राची धुराडी, आणि या सगळ्याच्या मधोमध सुमारे हजार फुटांची, झाडीनं भरलेली एक टेकडी. ही टेकडी आमची आहे, असं आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. पाहुणे विचारतात, "वर जाता येतं का?" मग आम्ही त्यांना चहा घेणार का विचारतो.

वर जाता येत नाही. १९५३ च्या मे महिन्यात हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टवर पोचले. १९५४ च्या जानेवारीत डॉ. होमी भाभांच्या पुढाकारानं ट्रॉम्ब्याला अणुसंशोधनाची संस्था स्थापन झाली आणि १९६७ साली तिला भाभांचंच नाव मिळालं. म्हणजे माणसाला जगातल्या सर्वोच्च शिखराची वाट मोकळी झाली आणि सात-आठ महिन्यांत आमच्या टेकडीची वाट बंद व्हायला लागली. इतिहासात इतकी कमी मुदत कुणाला मिळाली नसेल. त्याआधी टेकडी उघडीच होती, तेव्हा तुमच्यापैकी कुणी हौसेनं वर गेलं होतं का, असं कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना विचारलं, तर ती उलट विचारतात, "कशाला? वर मासली मिलते?"

ट्रॉम्ब्याला येणाऱ्या गोष्टींचा स्वभावच असा. अंधेरीहून ट्रॉम्ब्याला रेल्वे आली १९२८ साली आणि गेली १९३४ साली. अणुभट्टी आली १९५६ साली, ती 'अप्सरा'. आशियातली पहिली. रेल्वे गेली आणि अप्सरा आली, असं भाग्य इंद्राचंसुद्धा नव्हतं. पण अप्सरेला पाहायला पास लागतो आणि रेल्वेला जायला मानखुर्द गाठावं लागतं, त्यामुळे दोन्हींचा रोजच्या आयुष्यात सारखाच उपयोग.

आमच्या सोसायटीत त्या कुंपणापलीकडे रोज जाऊन आलेला एकच माणूस आहे: अण्णा. अख्खी नोकरी आत काढली. नेमकं काय काम केलं, ते त्यांच्या बायकोलाही माहीत नाही. काहीही विचारलं तरी अण्णांचं उत्तर ठरलेलं, "ते सांगता येणार नाही." एकदा आम्ही त्यांना अगदी कोपऱ्यात गाठून विचारलं, "अण्णा, निदान एवढं सांगा, टेकडीवर आहे तरी काय?" अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "झाडं." एवढी मोठी बातमी फुटली म्हणून आम्ही सगळे दोन दिवस गप्प होतो.

आता कुणी म्हणेल, डोंगरच हवा तर देवनारला आहे की. आहे. १९२७ सालापासून मुंबई तिथे कचरा टाकते आणि त्याचा चांगला डोंगर झाला आहे. हिमालय वर्षाला काही मिलिमीटरनं उंच होतो, असं भूगोलाचे मास्तर सांगतात. देवनारपुढे तो आळशीच म्हणायचा. पण त्या शिखरावर मोहीम काढावी असं अजून कुणाला वाटलेलं नाही. वाऱ्याची दिशा बदलली की ते शिखरच आपल्या घरी येतं.

अशा परिस्थितीत सेक्रेटरींच्या मुलानं मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. हिमालयातली खोल घळ, खाली फेसाळणारी नदी, दोन्ही बाजूंना गर्द रान. चढत चढत गेलं की एका जागी झाडं संपतात आणि पुढे नुसतं गवत, दगड आणि बर्फ. "याला म्हणतात ट्री लाइन," तो म्हणाला. "वृक्षरेषा. तिच्या वर एकही झाड उगवत नाही."

"ते बघायला तिथे कशाला जायचं?" मावशी म्हणाल्या. "आपल्या स्टेशन रोडला उभा रहा."

मावशी कोळीवाड्यातल्या. टोपली डोक्यावर घेऊन त्या जेवढे जिने चढल्या आहेत त्यांची बेरीज केली तर हिमालयाचं शिखर खाली राहील. पण गमतीची गोष्ट ही, की त्यांच्या त्या शेऱ्यानंच अण्णा जागे झाले. नोकरीबाहेरचा, म्हणजे सांगता येण्याजोगा विषय त्यांना वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच मिळाला होता.

अण्णांनी सांगितलेलं शास्त्र असं. झाडाला वाढायला ऊब लागते. वाढीच्या मोसमातलं सरासरी तापमान सहा-साडेसहा अंशांच्या खाली गेलं, की झाडाला नवं लाकूड घडवणं जमत नाही. जगात कुठेही जा, विषुववृत्तावर नाहीतर आल्प्सवर, हा आकडा साधारण तोच. गवताला आणि छोट्या रोपांना मात्र ती अडचण येत नाही, कारण जमिनीला चिकटून राहणाऱ्याला उन्हाची ऊब मिळते. मान वर काढून उभ्या राहणाऱ्याला वाऱ्याइतकंच गार व्हावं लागतं.

"म्हणजे जो वाकून राहतो तो टिकतो, आणि ताठ उभा राहतो त्याची वाढ खुंटते," सेक्रेटरी म्हणाले.

"नोकरीतही अगदी तसंच," अण्णा म्हणाले, आणि लगेच सावध झाले. "पण ते सांगता येणार नाही."

मग साहजिक प्रश्न आला की आपल्या टेकडीला वृक्षरेषा का नाही. अण्णांनी जगाचा नकाशा मागवला. ट्रॉम्बे एकोणीस अंश उत्तर अक्षांशावर. त्याच अक्षांशावर पार मेक्सिकोत पिको दे ओरिसाबा नावाचा साडेपाच हजार मीटरहून उंच ज्वालामुखी आहे. तिथे पाइनची झाडं चढत चढत चार हजार मीटरच्या आसपास थांबतात. म्हणजे ट्रॉम्ब्याला वृक्षरेषा हवी असेल, तर आमच्या टेकडीवर तशाच बारा टेकड्या रचाव्या लागतील, आणि त्याही कुंपणाच्या आत. अख्ख्या महाराष्ट्राचं छप्पर म्हणजे कळसूबाई, तीही १६४६ मीटर. तिचा माथा उघडा आहे हे खरं, पण ते थंडीमुळे नव्हे; कातळ, वारा, पातळ माती, गुरं आणि वणवे यांचं ते काम. सह्याद्रीत झाडांना थंडीनं कधी अडवलेलं नाही. जे काही अडवलं ते दुसऱ्यांनीच.

तेव्हा हिमालयात जायचं ठरलं. ठिकाणही सापडलं: गढवालमधली 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स', म्हणजे फुलांचं खोरं. गोविंदघाटापासून लक्ष्मणगंगेच्या घळीतून घांघरियापर्यंत चढायचं आणि तिथून झाडं संपेपर्यंत.

सेक्रेटरींच्या मुलाचं म्हणणं पडलं, की आधी सराव हवा. मराठी माणूस सराव या शब्दाला फार मानतो, कारण त्यात मूळ काम पुढे ढकलता येतं. महिनाभर आम्ही लिफ्ट सोडून जिना चढलो. पहिल्या आठवड्यात सगळे चढले. दुसऱ्या आठवड्यात लिफ्ट बंद पडली, त्यामुळे ज्यांना सराव करायचा नव्हता त्यांचाही झाला. तिसऱ्या आठवड्यात लिफ्ट सुरू झाली आणि हिमालय पुन्हा लांब गेला. मग बूट आले. एवढे महाग की काहींनी ते घालायचे नाहीत असंच ठरवलं. काठ्या आल्या. एका काकांनी तर सोसायटीच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंत दोन्ही हातांत दोन काठ्या घेऊन चालायचा परिपाठ ठेवला; तिसऱ्या दिवशी बसच्या कंडक्टरनं त्यांना अपंगांच्या राखीव जागेवर बसवलं आणि सरावाचं चीज झालं.

शेवटची रंगीत तालीम म्हणून सांदण दरी ठरली. रात्रीच्या कसारा लोकलनं निघायचं, कसाऱ्याहून जीपनं भंडारदऱ्याला वळसा घालून साम्रदला पहाटे पोचायचं. साम्रद हे अकोले तालुक्यातलं, रतनगडाच्या सावलीतलं गाव. गावापासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की सपाट माळाला अचानक चीर पडलेली दिसते. तीच सांदण. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर ओतून थंड झाला, आणि त्या बेसॉल्टमधली एक फट पाण्यानं इतकी कोरली, की आज काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात आणि मान वर केली तर आभाळाची नुसती पट्टी दिसते. ऊन खाली येतं ते भर दुपारी, तेही हजेरी लावण्यापुरतं.

सांदणविषयी प्रत्येक वाटाड्या, प्रत्येक पोस्टर आणि प्रत्येक चित्रफीत एक गोष्ट हमखास सांगते: "ही आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी." पहिली कोणती, ते कुणी सांगत नाही. चीनमधल्या आणि तिबेटातल्या, हजारो मीटर खोल असलेल्या घळींना हे कळवलेलं दिसत नाही. पण या दाव्यात मराठी स्वभावाचा एक नमुना आहे. पहिला क्रमांक सांगितला की लोक पुरावा मागतात. दुसरा सांगितला की लोक म्हणतात, प्रामाणिक दिसतोय.

सांदणची दुसरी खासियत म्हणजे ती उलटी आहे. जगभरातली माणसं डोंगर चढून मग उतरतात. सांदणला आपण माथ्यावरच जीपनं पोचतो आणि उतरत उतरत थेट ठाणे जिल्ह्यातल्या डेहण्याला येतो. म्हणजे सकाळी नगर जिल्ह्यात, ज्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आसनगाव स्टेशनवर. वृक्षरेषेच्या सरावासाठी तर ही दरी खास बनवल्यासारखी: वर मोकळा कातळ, आत नुसते घरंगळलेले धोंडे, आणि झाडं कुठे, तर अगदी तळाशी. झाडांच्या वर जायची तयारी आम्ही झाडांकडे उतरून केली.

आत शिरल्यावर पाण्याचे दोन डोह लागतात. पहिला गुडघ्यापर्यंत आणि दुसरा, हिवाळ्यातसुद्धा, कमरेपर्यंत. इथे माणसाचा खरा स्वभाव कळतो. गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात सगळे एकमेकांचा हात धरून उतरतात. कमरेपर्यंतच्या पाण्यात प्रत्येक जण आपापला मोबाइल धरतो. मुंबईत जुलैमध्ये सायनला याहून खोल पाण्यातून ऑफिसला जाणारी ही माणसं, इथे "केवढं थंड आहे!" म्हणून किंचाळत होती.

पुढे कडा येतो, चाळीस-पंचेचाळीस फुटांचा, आणि दोरावरून उतरणं भाग पडतं. रॅपलिंगमध्ये शरीराला काही करायचं नसतं, फक्त मागे रेलायचं असतं. आणि नेमकं तेच शिक्षणानं होत नाही. जेवढी पदवी मोठी तेवढा माणूस कड्याला घट्ट चिकटतो. सेक्रेटरी अर्ध्या वाटेवर थांबून खाली उभ्या असलेल्यांना विचारत होते, "दोराची शेवटची तपासणी कधी झाली?" जणू लिफ्टच्या कंत्राटदारालाच जाब विचारत होते. मावशींनी लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, वरून हार्नेस चढवला, दोराची गाठ हातात घेऊन पाहिली आणि बांधणाऱ्या पोराला म्हणाल्या, "ए बाळा, अशा गाठीनं आमची होडी केव्हाच एलिफंटाला गेली असती." त्यानं ती गाठ पुन्हा बांधली. मग मावशी अशा उतरल्या की खाली पोचून त्यांनी वर पाहिलं आणि हाक मारली, "येतंय का कुणी, का मी निघू?"

एवढा सराव झाल्यावर हिमालयाला पर्याय उरला नाही.

ऋषिकेशहून गोविंदघाट हा दिवसभराचा प्रवास, आणि त्यात घाट इतके की पोटातला ऐवज कुणाचाच राहत नाही. गोविंदघाटाला अलकनंदेला लक्ष्मणगंगा मिळते. पुलना गावापर्यंत जीप जाते आणि तिथून घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटर चढ. घांघरिया समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर. म्हणजे आमच्या टेकडीच्या दहापट. ही तुलना आम्ही दर अर्ध्या तासाला करत होतो आणि आमच्या टेकडीची कीर्ती वाढवत होतो.

या वाटेवरचा मुख्य प्रकार म्हणजे अपमान. आम्ही महागडे बूट, दोन काठ्या, घाम शोषणारे शर्ट आणि पाठीवर नळी लावलेली पाण्याची पिशवी अशा जय्यत तयारीनं चाललेलो. आणि बाजूनं हेमकुंडाला निघालेल्या सत्तरीच्या सरदारणी, साध्या चपला घालून, हातात पिशवी, 'वाहेगुरू' म्हणत पुढे जातात. त्या थांबत नाहीत, बघत नाहीत आणि मुख्य म्हणजे धापा टाकत नाहीत. आमच्या काकांना एका आजींनी मागून हलकेच बाजूला केलं आणि जाताना त्यांच्या हातावर दोन बत्तासे ठेवले. काका म्हणाले, प्रसाद असावा. मावशी म्हणाल्या, दया असावी.

घळीतून वर येणाऱ्या प्रत्येकाला आपण विचारतो, "अजून किती?" याचं उत्तर हिमालयात एकच आहे: "बस, पास ही है." हे उत्तर देणारा माणूस खोटं बोलत नाही, त्याचं आणि आपलं 'पास' वेगळं असतं. ट्रॉम्ब्यातही रिक्षावाल्याला चेंबूरपर्यंतचं भाडं विचारलं तर तो 'लांब' म्हणतो, आणि मुलाची शाळा चेंबूरला आहे म्हटलं तर बिल्डर 'जवळ' म्हणतो.

खाण्यापिण्याचे हाल आम्हीच ओढवून घेतले होते. सगळ्यांच्या पिशव्यांत बाकरवडी, चकल्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. मावशींनी शेवटच्या क्षणी सुकटीचा डबा काढला. आजूबाजूला यात्रेकरू, गुरुद्वारा, शाकाहारी ढाबे. सेक्रेटरींनी डबा बंद ठेवण्याचा हुकूम दिला. डबा बंदच होता. पण सुकटीला बंद म्हणजे काय ते कळत नाही. त्या मुक्कामात आमच्या खोलीच्या दारात कुत्री बसून राहिली आणि शेजारच्या खोलीतल्या बंगाली कुटुंबानं आपणहून ओळख काढली.

दुसऱ्या दिवशी फुलांच्या खोऱ्याकडे. १९३१ साली कामेत शिखर चढून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती खराब हवेत या खोऱ्यात उतरले, आणि जग या फुलांच्या प्रेमात पडलं. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत आलं. वाटेत पुष्पावती नदीची अरुंद घळ लागते. पण तिच्याआधी आणखी एक गोष्ट लागते, जिच्यापुढे आम्ही सगळे जागीच थबकलो: फाटक. फाटकाशी चौकी. चौकीत गणवेशातला माणूस. "ओळखपत्र दाखवा. तिकीट घ्या. आत मुक्काम नाही. संध्याकाळी पाचच्या आत बाहेर."

दोन हजार किलोमीटर आल्यावर आमच्या मंडळींना पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. अण्णांनी तर खिशातून ओळखपत्र असं सफाईनं काढलं की पहारेकऱ्यानं न वाचताच सलाम ठोकला. इतकी वर्षं घडवलेली सवय वाया गेली नव्हती.

आणि मग चढता चढता झाडं बदलू लागली. खालचे अक्रोड, ओक आणि मेपल केव्हाच मागे पडले होते. आता उंच फर उरले, तेही विरळ होत गेले. त्यांच्यानंतर भूर्ज. ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या तेच भूर्जपत्राचं झाड, पांढुरक्या गुलाबी सालीचं, सोलवटलेल्या पापुद्र्यांचं. हिमालयाच्या या भागात वर चढायची हिंमत करणारं शेवटचं मोठं झाड बहुधा हेच. बर्फाच्या ओझ्यानं त्याचे बुंधे आधी उताराकडे आडवे होतात आणि मग वळून वर जातात. सकाळच्या लोकलमध्ये दारात लटकलेल्या माणसासारखे.

आम्ही थांबलो, कारण आता वृक्षरेषा यायला हवी होती. साडेतीन हजार मीटरच्या वर ती कुठेतरी असते, असं अण्णांनी सांगितलं होतं. सगळ्यांनी फोटोसाठी केस सारखे केले. रेषा काही येईना. भूर्ज छोटे होत गेले, मग माणसाएवढे, मग कमरेएवढे, मधूनच एखादा पुन्हा उंच. मग बुटके ऱ्होडोडेंड्रॉन, मग गवत, आणि गवतात पुन्हा शंभर पावलांवर एक भूर्ज.

"हेच शेवटचं झाड," सेक्रेटरी म्हणाले आणि त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढवून घेतला.

"ते काय वर दिसतंय?" काका म्हणाले.

"ते झुडूप आहे."

"झुडूप कसं? बुंधा बघा."

"बुंधा म्हणजे झाड नव्हे. झाड म्हणजे उंची."

वाद इतका रंगला की फुलं बघायचं राहून गेलं. अण्णांनी मध्यस्थी केली. ते म्हणाले, शास्त्रज्ञांचंही हेच भांडण आहे. दाट जंगल संपतं ती एक रेषा, मोठी झाडं संपतात ती दुसरी, आणि त्या जातीचं शेवटचं खुरटं रोप उगवतं ती तिसरी. मधला सगळा पट्टा वादाचा. झाड कशाला म्हणायचं, दोन मीटर उंच असलं की तीन, हे आधी ठरवावं लागतं आणि मग रेषा ओढावी लागते. उन्हाकडच्या उतारावर ती एका जागी, सावलीकडच्या उतारावर दुसऱ्या. वर जग तापतंय, त्यामुळे ठिकठिकाणी ती हळूहळू वर सरकतेही आहे.

"म्हणजे रेषा नाहीच?" सेक्रेटरींचा आवाज पडला. एवढा खर्च करून आलो, निदान एखादी पिवळी पट्टी, एखादी पाटी, 'येथून पुढे झाडे नाहीत, उत्तराखंड शासन' असं काहीतरी असावं, अशी त्यांची माफक अपेक्षा होती.

मावशी एका धोंड्यावर बसून हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे तरी बरं. भरतीचं पाणी जिथवर येतं तिथवर तिवर. त्याच्या वर एक नाही. कुणाला विचारायला नको."

यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि या खेपेला सांगता येणार नाही म्हणून नव्हे. कारण मावशींचं म्हणणं बरोबर होतं. ट्रॉम्ब्याला वृक्षरेषा आहे. एक सोडून दोन आहेत. खालची खाडीच्या काठी: तिवरांची. खाऱ्या चिखलातून श्वासाची मुळं वर काढून उभं असलेलं ते रान उच्च न्यायालयाच्या २००५ च्या मनाईमुळे टिकून आहे. वरची टेकडीच्या पायथ्याशी: कुंपणाची. तिच्या आत दाट झाडी, कारण तिथे पहारेकरी आहे आणि भाभांना झाडांचा मोठा सोस होता. या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात एकही धड झाड नाही. तिथे तापमान सहा अंशांचं नाही, चांगलं तिसाचं आहे. पाऊस मुबलक, माती काळी. झाडाला लागतं ते सगळं आहे. फक्त आम्ही राहतो.

हिमालयात झाडं थंडीपुढे हरतात आणि ट्रॉम्ब्यात आमच्यापुढे. आणि दोन्हीकडे जिथे झाडी शाबूत आहे, तिथे दारात एक माणूस ओळखपत्र बघत उभा असतो. चिखलाला पहारेकरी परवडत नाही, म्हणून तिथे कोर्ट उभं आहे.

हा साक्षात्कार झाल्यावर परतीच्या वाटेवर सगळे भारावले होते. "आपण घरी जाऊन झाडं लावायची," सेक्रेटरी म्हणाले. "निदान सोसायटीच्या आवारात एक तरी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन हजार मीटरवर हवा विरळ असते आणि निर्णय पटापट होतात.

समुद्रसपाटीला आल्यावर वार्षिक सभेत हा विषय आला. झाड लावायला कुणाचाच विरोध नव्हता. जागा कुठली, एवढाच प्रश्न होता. गेटजवळ लावलं तर पाण्याचा टँकर वळणार नाही. मागच्या बाजूला लावलं तर मुळं गटाराच्या पाइपात जातील. आंबा नको, पोरं दगड मारतील. नारळ नको, डोक्यात पडेल. बदाम नको, पानं गळतील आणि झाडूवाला वाढीव पगार मागेल. पिंपळ नको, लावला की तोडता येणार नाही. १९७५ चा झाडांचा कायदा आहे, महापालिकेची परवानगी लागते. "तोडायचं कशाला? अजून लावलंच नाही," असं मावशी मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, पण मावशींचा गाळा भाड्याचा, त्यामुळे त्यांना मताचा अधिकार नव्हता.

उरली एकच जागा, जिन्यासमोरची. तिथे काकांची गाडी लागते. काका म्हणाले, "झाडाला माझा पाठिंबा आहे. गाडी मात्र हलणार नाही." सगळ्यांनी तिथे जाऊन पाहणी केली. जमिनीवर पार्किंगच्या जागा पिवळ्या रंगानं आखलेल्या होत्या. सेक्रेटरींनी अण्णांना विचारलं, आता तुम्हीच सांगा, झाड नेमकं कुठवर येऊ शकेल. अण्णांनी वाकून त्या पिवळ्या पट्ट्यावर काठी टेकवली आणि म्हणाले, "इथवर."

हिमालयात हवी होती तशी, सरळ आणि आखलेली रेषा अखेर सापडली. सभेच्या इतिवृत्तात दोन ठराव नोंदवले गेले. आवारात वृक्ष लावण्याचा विषय जागेअभावी पुढील वार्षिक सभेपर्यंत स्थगित. वृक्ष पाहण्यासाठी पुढील वर्षी काश्मीरला जाण्याचा विषय एकमताने मंजूर. इच्छुकांनी आगाऊ रक्कम सेक्रेटरींकडे जमा करावी, आणि कृपया गाड्या पट्ट्याच्या आत लावाव्यात.